वाळवंट विमान पाडत नाही

१९५८ च्या नोव्हेंबरात लिबियाच्या वाळवंटावरून तेलाचा शोध घेत उडणाऱ्या एका विमानातल्या मंडळींना खाली दुसरे एक विमान पडलेले दिसले. त्या भागात कुणाचे विमान हरवल्याची नोंद नव्हती. पुढच्या वर्षी माणसे जमिनीवरून तिथे पोहोचली, तेव्हा वाळूत पोटावर घसरत येऊन थांबलेले एक अमेरिकी बाँबफेकी विमान त्यांना सापडले. शेपटीकडून मोडलेले, पण बाकी बरेचसे शाबूत. नाकापाशी रंगवलेले नाव वाचता येत होते, 'लेडी बी गुड'. आत पाणी होते, खाण्याच्या वस्तू होत्या, रेडिओ चालत होता. थर्मासमधले पेयसुद्धा सोळा वर्षांनंतर पिण्याजोगे निघाले! नव्हती ती फक्त माणसे. एकही मृतदेह नाही, एकही पॅराशूट नाही.

अशा गोष्टीला भुताटकीचा रंग चढायला वेळ लागत नाही. आपल्याकडे चढतो, तिकडेही चढला. या विमानाचे सुटे भाग ज्या विमानांना लावले ती सगळी संकटात सापडली, अशी दंतकथा पुढे अनेक वर्षे चघळली गेली. तिच्यात पडण्याचे कारण नाही. खरी हकीकत तिच्याहून अधिक अस्वस्थ करणारी आहे, कारण तिच्यात शाप नाही, शत्रूची गोळी नाही, वाळवंटाचाही दोष नाही. तिच्यात आहे फक्त एक आकडा, आणि तो वाचताना झालेली एक समजूत.

४ एप्रिल १९४३ ची दुपार. बेनगाझीजवळच्या सुलूक तळावरून इटलीतल्या नेपल्स बंदरावर हल्ला करायला अमेरिकी विमाने निघाली. वावटळीने धूळ उडत होती. 'लेडी बी गुड' उडाले ते अगदी शेवटच्या काही विमानांबरोबर. आतल्या नऊ जणांची एकत्र अशी ही पहिलीच मोहीम. नेपल्सवर बाँब न टाकताच परत फिरावे लागले, सोबतची विमाने पांगली आणि रात्रीच्या काळोखात हे एकटे विमान भूमध्य समुद्र ओलांडून परत येऊ लागले. मध्यरात्रीच्या सुमारास वैमानिकाने रेडिओवरून बेनिना केंद्राला दिशा विचारली. केंद्राने ३३० अंश असे उत्तर दिले, म्हणजे साधारण वायव्य.

इथे थोडे थांबून हे यंत्र समजून घेतले पाहिजे. त्या काळचे दिशा शोधणारे रेडिओयंत्र विमान कोणत्या रेषेवर आहे ते सांगे, पण त्या रेषेच्या कोणत्या टोकाला आहे हे सांगत नसे. रात्री अनोळखी मुलखात तुम्ही रेल्वेच्या रुळांपाशी येऊन पोहोचलात अशी कल्पना करा. रूळ सापडले हे खरे, पण स्टेशन पुढे आहे की मागे राहिले? रूळ ते सांगत नाहीत. विमान केंद्राच्या वायव्येला, म्हणजे समुद्रावर असते, तरी उत्तर तेच आले असते. केंद्र ओलांडून आग्नेयेला, म्हणजे वाळवंटावर गेलेले असते, तरीही तेच. समुद्रावरून येणारे विमान समुद्रावरच असणार, असे केंद्रानेही धरले आणि वैमानिकानेही. प्रत्यक्षात ते किनारा ओलांडून पुढे निघून गेले होते. तळावरून उडवलेले प्रकाशबाण त्यांना दिसले नाहीत. किनारा आता येईल, मग येईल, म्हणत ते दोन तास उडत राहिले, आणि प्रत्येक मिनिटाला घरापासून दूर जात राहिले.

इंधन संपत आले तेव्हा नऊ जणांनी पॅराशूटने उड्या टाकल्या. खाली समुद्र असेल अशीच त्यांची कल्पना असावी. पाय लागले ते वाळूला, तळापासून सुमारे सातशे किलोमीटर आत! एकाचे पॅराशूट नीट उघडले नाही. उरलेले आठ जण एकमेकांना सापडले, आणि किनारा जवळच असणार या हिशेबाने वायव्येकडे चालू लागले. जवळ सगळ्यांत मिळून अर्धी कॅन्टीन पाणी. माणशी दिवसाला एक झाकण.

आणि विमान? ते माणसांशिवाय आणखी सुमारे सव्वीस किलोमीटर दक्षिणेला उडून अलगद वाळूवर उतरले होते. त्यात पाणी होते, अन्न होते, रेडिओ होता. पण कुणाला कसे कळावे? ते आठ जण त्याच्याकडे पाठ करून चालत होते. सहवैमानिकाच्या खिशातली छोटी रोजनिशी नंतर सापडली. रात्रीची थंडी, दिवसाची वाळू, न दिसणारी मदत यांच्या दोन-दोन ओळींच्या नोंदी तिच्यात आहेत. शेवटची १२ एप्रिलची. १९६० मध्ये पाच जणांचे अवशेष एकत्र सापडले. उडी मारली तिथपासून सव्वाशे किलोमीटरहून जास्त चालून ते थांबले होते. तिघे त्याहीपुढे गेले होते. त्यांतला एक आणखी तीसेक किलोमीटर, दुसरा त्याच्याही पुढे. दरम्यान लष्कराने शोध घेतला होता, पण तो समुद्रात. समजूत एकदा चुकली की ती शोधणाऱ्यांनाही कशी चुकवते, ते पाहा.

वाळवंटात विमान पडले म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वावटळ, तापलेली हवा, वाळूने गुदमरलेली इंजिने येतात. अशी संकटे नसतात असे नाही. पण ज्या अपघातांची कारणे नीट शोधली गेली आहेत ते वाचत गेले, तर वाळवंट बहुधा निर्दोष सुटते. वाळवंट विमान पाडत नाही. वाळवंट काय करते, तर चूक सुधारायला एकही खूण देत नाही. आपल्या देशावर रात्री उडताना खाली गावांचे दिवे असतात, रस्ते असतात, नद्या असतात. मन चुकले तरी डोळा सावरतो. सहारात रात्री डोळ्याला काहीच नाही.

समुद्राचेही तसेच. मुंबईकरांना १ जानेवारी १९७८ ची रात्र आठवत असेल. एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' जम्बो जेट सांताक्रूझहून दुबईकडे उडाले आणि काही क्षणांत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण चुकीचे दाखवत होते. शेजारच्या सहवैमानिकासमोरचे बरोबर होते. बाहेर क्षितिज दिसत असते तर चूक तत्काळ कळली असती. पण किनारा मागे पडताच पुढे काळा समुद्र आणि काळे आकाश यांत फरक उरला नव्हता.

फ्रेंच लेखक आणि वैमानिक आंत्वान द सेंत-एक्झुपेरी याला हा अनुभव ३० डिसेंबर १९३५ च्या पहाटेआधी आला. पॅरिसहून सायगावला विक्रमी वेळात पोहोचायचे होते. वजन वाचवायला रेडिओ बरोबर घेतला नव्हता. जवळजवळ वीस तासांच्या उड्डाणानंतर आपण नाईल नदीच्या आसपास असू, असा हिशेब करून दिवे दिसतात का हे पाहायला तो ढगांखाली उतरू लागला आणि विमान ताशी अडीचशेहून अधिक किलोमीटर वेगाने पठारावर आदळले. नशीब असे की खाली गोल खड्यांचा थर होता. त्यांवरून विमान घसरत गेले, म्हणून तो आणि त्याचा मेकॅनिक प्रेव्हो दोघे वाचले. पाण्याची टाकी मात्र फुटली. उरली थोडी कॉफी, थोडी द्राक्षे, एखादे संत्रे. दोघे चालले, भटकले, त्यांना मृगजळे दिसली. चौथ्या दिवशी उंटावरून जाणाऱ्या एका बदाऊनीने त्यांना पाणी पाजले. पुढे १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द लिटल प्रिन्स'मध्ये या लेखकाने निवेदकाला वाळवंटात बंद पडलेल्या विमानापाशी बसवले, ते काही उगाच नव्हे.

मग विमानापाशीच थांबावे की चालावे? आज शिकवले जाते ते थांबावे असेच. माणसापेक्षा विमान वरून लवकर दिसते. पण या नियमालाही गालबोट आहे. बिल लँकेस्टर हा इंग्रज वैमानिक एप्रिल १९३३ मध्ये इंग्लंडहून केपटाउनकडे एकटा निघाला होता. सहारातले रेगान सोडल्यावर इंजिन दगावले आणि तो रात्री वाळवंटात कोसळला. काही झाले तर विमानापाशी थांबेन, असे त्याने सांगून ठेवले होते. तो थांबला. पंखांचे कापड फाडून त्याने रात्री मशाली पेटवल्या, पाणी पुरवून पुरवून प्यायला, रोजनिशी लिहिली, आणि आठव्या दिवशी गेला. शोधणारे वाहन निघालेही होते, पण तो रस्त्यापासून बराच बाजूला पडला होता. फ्रेंच लष्कराच्या गस्तीला तो सापडला १९६२ मध्ये, एकोणतीस वर्षांनी, विमानाशेजारीच. शिस्त पाळणाऱ्यालाही शोधणारा लागतोच.

आज ही बाजू पुष्कळ सुधारली आहे. विमान आदळताच आपोआप संकटाचा संदेश पाठवणारी यंत्रे असतात, आणि ते संदेश टिपणारी उपग्रहांची आंतरराष्ट्रीय यंत्रणा १९८२ पासून उभी आहे. आपल्याकडे बंगळूरु आणि लखनौ इथे तिची केंद्रे आहेत. 'लेडी बी गुड'च्या आठ जणांजवळ यांतले एक यंत्र असते तर! पण शोध सोपा झाला म्हणून कारण सोपे झाले असे नाही.

२४ जुलै २०१४ रोजी अल्जीरियाच्या कंपनीसाठी उडणारे एक विमान बुर्किना फासोतल्या वागाडुगूहून अल्जीयर्सला जाताना उत्तर मालीत, सहाराच्या उंबरठ्यावर कोसळले. ११६ जण गेले. मालीत तेव्हा युद्ध चालू होते, त्यामुळे क्षेपणास्त्राची शंका पहिल्याच दिवशी घेतली गेली. काहींनी वादळाला दोष दिला. फ्रेंच तपासयंत्रणेच्या मदतीने झालेल्या चौकशीचा अहवाल एप्रिल २०१६ मध्ये आला आणि कारण निघाले बर्फ. सहारात बर्फ? होय. खाली वाळू तापलेली असली तरी ३१ हजार फुटांवर कडाक्याची थंडी असते, आणि मोठ्या वादळी ढगाच्या आसपास हिमकण तरंगत असतात. इंजिनाच्या तोंडाशी हवेचा दाब मोजणारे एक छोटे छिद्र असते. ते हिमकणांनी बुजले. यंत्राला वाटले, इंजिन हवे तेवढे जोर लावते आहे. प्रत्यक्षात तो जोर कमी होता. स्वयंचलित यंत्रणा त्या खोट्या आकड्यावर विसंबून राहिली. वेग कमी होऊ लागला, आणि उंची टिकवण्यासाठी स्वयंचालक नाक वर उचलत राहिला. शेवटी पंखांखालचा आधार सुटला. इंजिनाला बर्फापासून वाचवणारी यंत्रणा चालू केलेली नव्हती, आणि सुटलेला आधार पुन्हा मिळवण्यासाठी नाक खाली घालायचे असते, तेही झाले नाही. २००२ मध्ये अमेरिकेत याच जातीच्या एका विमानाला असाच बर्फाचा त्रास झाला होता. तिथे वैमानिकांनी विमान सावरले होते.

१९४३ आणि २०१४. मधे एकाहत्तर वर्षे गेली, रेडिओ बदलले, इंजिने बदलली. पण काटा एक सांगतो, मन (आता यंत्रही) दुसरे वाचते, आणि ते वाचन तपासून पाहायला कुणी उरत नाही, हे तसेच राहिले. 'वैमानिकाची चूक' हे दोन शब्द मला म्हणूनच पुरेसे वाटत नाहीत. ती चूक असतेच. पण माणूस चुकणार हे धरून यंत्र का बांधले नाही, आधी घडलेली घटना सगळ्या वैमानिकांपर्यंत का पोहोचली नाही, हे प्रश्न त्या दोन शब्दांखाली गाडले जातात.

आणि आपला, घरी बसून ऐकणाऱ्यांचा, उतावीळपणा वेगळाच. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले, त्याच संध्याकाळी घराघरांत कारणे ठरवली जात होती. आमच्याकडेही ठरवली गेली. प्राथमिक अहवाल यायला महिना लागला. ज्यांचे माणूस गेले आहे त्यांना अंदाज नको असतात. त्यांना खरे हवे असते, उशिरा का होईना.

हे खरे शोधायला वाळवंट फार उपयोगी पडते. पाऊस नाही, गंज नाही, बघ्यांची गर्दी नाही. १९ सप्टेंबर १९८९ रोजी चाडमधल्या न्जामेनाहून पॅरिसला निघालेले यूटीए कंपनीचे डीसी-१० विमान नायजर देशातल्या तेनेरे वाळवंटावर आकाशातच फुटले. १७० जण गेले. तुकडे वाळूत दूरवर पसरले होते. तपासनिसांनी ते गोळा केले, फ्रान्सला नेले, जुळवले. सामानाच्या कक्षातल्या एका सूटकेसचे अवशेष आणि स्फोटाच्या यंत्राचा छोटासा तुकडा यांवरून बाँब होता हे निश्चित झाले. १९९९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सहा लिबियन नागरिकांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरवले. इथे काटा चुकला नव्हता, वैमानिकही चुकला नव्हता. पण हेसुद्धा तुकडे वेचल्याशिवाय कळले नसते.

त्या जागी २००७ मध्ये मृतांच्या नातेवाइकांनी स्मारक उभारले. जवळपास गाव नाही, रस्ता नाही. स्थानिक माणसांच्या मदतीने लांबून काळे दगड आणून हातांनी रचले. मोठे वर्तुळ, आणि त्यात खऱ्या मापाची विमानाची आकृती. त्याच विमानाचा पंख वाळूतून उकरून उभा केला आहे, आणि वर्तुळाच्या कडेने १७० फुटके आरसे बसवले आहेत, माणशी एक. जमिनीवरून तिथे जाणारे विरळाच. पण वरून ते दगडांचे विमान स्पष्ट दिसते, उपग्रहांच्या छायाचित्रांतसुद्धा.