नागपूरचा ‘नाग’ करणारी कात्री

मजकूर ठरलेल्या लांबीत बसत नसेल तर जास्तीचा भाग कापून टाकावा, वाचणारा समजून घेतो, असे मानणारे प्रोग्रामर पुष्कळ आहेत. कोडची एक ओळ लिहिली की काम झाले. मराठीपुढे हे मत टिकत नाही. 1923 साली स्थापन झालेल्या आणि 2005 पासून ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ’ असे नाव धारण केलेल्या विद्यापीठाचेच उदाहरण घेऊ. मराठी वाचकाला या नावात पाच शब्द दिसतात आणि प्रत्येक शब्दात चार अक्षरे. संगणक काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलंत सुटा मोजतो. त्याच्या हिशेबात मोकळ्या जागा धरून हे नाव 42 चिन्हांचे होते, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेत असल्याने 118 बाइटांचे. 6 चिन्हांवर कापले तर ‘राष्ट्’ एवढेच उरते, शेवटच्या अक्षराचा पाय मोडलेला. 29 चिन्हांवर कापले तर ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नाग’. कात्री बाइट मोजून चालत असेल तर चिन्हच मधोमध फुटते आणि त्या जागी निरर्थक खूण उमटते. पण माझ्या मते खरा धोका या विद्रूप तुकड्यांत नाही, कारण ते निदान डोळ्यांना खुपतात. धोका आहे तो धडधाकट दिसणाऱ्या तुकड्यांत. ‘संत्री’ तीन चिन्हांवर कापली की ‘संत’ उरतो, ‘विद्यापीठ’ सहावर कापले की ‘विद्या’. हे पूर्ण, शुद्ध मराठी शब्द आहेत. इथे काही गळाले आहे अशी शंका येण्याचेच कारण नसेल, तर वाचणाऱ्याने समजून तरी काय घ्यायचे?

म्हणून कात्री शब्दाच्या सीमेवरच चालली पाहिजे. रीत अवघड नाही. पुढे येणाऱ्या तीन टिंबांच्या चिन्हाची जागा आधी राखायची, उरलेल्या मर्यादेपासून मागे सरकत मोकळी जागा गाठायची आणि तिथे थांबायचे. मर्यादेच्या लगेच पुढचे चिन्हही तपासायला हवे, नाहीतर नेमका बसलेला अखेरचा शब्द विनाकारण जातो. ही चूक सर्रास होते. पायथॉनमध्ये 3.4 आवृत्तीपासून, म्हणजे 2014 पासून, मोकळ्या जागेवर कापणारे फंक्शन तयारच मिळते. तेव्हा वेळ नव्हता ही सबब चालणार नाही.

जागा वाया जाते, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. एसएमएसमध्ये रोमन लिपीला 160 चिन्हे मिळतात, देवनागरीला 70; अशा वेळी चार-पाच चिन्हे सोडणे जिवावर येते. पण मर्यादा 30 ची असेल तर आपण ‘नागप’ एवढाच तुकडा सोडतो, आणि त्या तुकड्याने वाचकाला काहीच कळत नव्हते. दुसरा आक्षेप असा की पहिलाच शब्द मर्यादेहून लांब असला, जसा एखादा लांब सामासिक शब्द, तर हाती काहीच उरत नाही. खरे आहे. तिथे शब्द तोडावाच लागेल, पण अक्षराच्या सीमेवर. या बाबतीत युनिकोडचे नियमही बराच काळ अपुरे होते: ‘ष्ट्र’ हे एकच अक्षर आहे हे त्यांच्या सर्वसाधारण नियमात 2023 च्या 15.1 आवृत्तीत आले. जुन्या लायब्ररी अजूनही त्याचे तीन तुकडे करतात, म्हणून आवृत्ती पाहूनच त्यांच्यावर विसंबावे. हे काम सीएसएसवर सोडा, असेही सुचवले जाते. पण सीएसएसला पडद्याची रुंदी तेवढी कळते, एसएमएस आणि डेटाबेसमधला रकाना त्याच्या हातात नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप अर्थाचा आहे. शब्द अखंड राहिले तरी अर्थ तुटतोच. 30 च्या मर्यादेत ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज…’ एवढेच उरते आणि संस्थेच्या जागी व्यक्ती उभी राहते. मराठीत मुख्य नाम शेवटी येते, क्रियापद शेवटी येते, ‘नाही’ही शेवटीच येते, ‘उद्या पाणी येणार नाही’ यातला शेवटचा शब्द गेला की निरोप उलटतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पण त्यावरून कात्री कुठेही चालवावी असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की टिंबे ऐच्छिक नाहीत, पूर्ण मजकूर एका स्पर्शावर मिळाला पाहिजे, आणि नावे व सूचना यंत्राच्या कात्रीकडे द्यायच्याच नाहीत. त्यांची छोटी रूपे माणसाने ठरवून वेगळ्या रकान्यात ठेवावीत. नागपूरकरांनी या नावापुरते ते काम केलेलेच आहे: ‘रातुम नागपूर विद्यापीठ’, 22 चिन्हे.