हलकी आणि गोड, पण सरबत नव्हे

राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद पेटला. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे समर्थक सांगत होते, तर विरोधकांना प्रत्येक बाटलीत एका घराचा सत्यानाश दिसत होता. त्या गदारोळात बाटलीत नेमके असते काय, हा साधा प्रश्न बाजूलाच राहिला. तो विचारायचा तर इटलीच्या गोड, सुवासिक, किंचित फसफसणाऱ्या पांढऱ्या वाइनइतके चांगले उदाहरण नाही. कडवट, तुरट वाइन न आवडणाऱ्यालाही ही पहिल्या घोटात आवडते. ‘यात काय आहे, द्राक्षाचा रसच तर आहे’ हे वाक्यही सर्वाधिक हिच्याच बाबतीत ऐकू येते.

या वाइनचे घर म्हणजे वायव्य इटलीतील पिएमोन्ते प्रांतातला आस्ती परिसर. तिथल्या ‘मोस्कातो बियान्को’ या पांढऱ्या मस्कत द्राक्षापासून दोन प्रकार बनतात. ‘आस्ती स्पुमान्ते’ जास्त फसफसते, तर ‘मोस्कातो द’आस्ती’ मंद बुडबुड्यांची आणि अधिक गोड असते. दोन्हींना १९९३ पासून इटलीचा सर्वोच्च भौगोलिक दर्जा आहे. आपल्याकडे इटलीचा धागा अकलूजपर्यंत पोहोचलेला आहेच. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीतील, दिल्लीतील आणि अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातील भावांनी मिळून उभी केलेली ही वायनरी सोलापूर जिल्ह्यातच आहे.

मोस्कातो बनते कशी, हे कळले की तिचा स्वभावही कळतो. यीस्ट द्राक्षरसातील साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. नेहमीच्या कोरड्या वाइनमध्ये जवळजवळ सगळी साखर संपू देतात, म्हणून अल्कोहोल १२ ते १४ टक्क्यांपर्यंत जाते. मोस्कातो द’आस्तीमध्ये मात्र हे काम अर्ध्यावरच थांबवतात. बंद टाकीत रस आंबत असताना अल्कोहोल पाच-साडेपाच टक्क्यांवर आले की टाकी एकदम थंड करतात आणि यीस्ट गाळून काढतात. तयार झालेला थोडा वायू वाइनमध्येच विरघळून राहतो, तेच तिचे बुडबुडे. न खाल्लेली साखरही तशीच राहते. म्हणजे ही वाइन हलकी असण्याचे आणि गोड असण्याचे कारण एकच आहे. अल्कोहोल कमी, कारण साखर शिल्लक.

सुगंध मात्र मूळ द्राक्षाचाच. मस्कत द्राक्षात लिनालूल, जेरॅनिऑल, नेरॉल अशी सुगंधी द्रव्ये भरपूर असतात. धण्यांच्या वासात लिनालूल असते, गुलाबाच्या वासात जेरॅनिऑल. ग्लास नाकाशी नेल्यावर गुलाब, संत्र्याची फुले, पिकलेले पीच आठवतात ते यामुळेच. त्यात वरून काही मिसळलेले नसते. तासगावच्या थॉमसन किंवा सोनाका द्राक्षात गोडी असते, पण हा वास नसतो. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यातील काळी ‘पन्नीर’ द्राक्षे मात्र मस्कत कुळातलीच, आणि तमिळमध्ये पन्नीर म्हणजे गुलाबपाणी! हा सुगंध काळाबरोबर विरतो. त्यामुळे ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हा नियम इथे उलटा लागू होतो. मोस्कातो ताजी असतानाच, एक-दोन वर्षांच्या आत, सहा ते आठ अंश तापमानाला थंड करून पिण्याची वस्तू आहे.

कोल्हापूरकरांना रस वाटेल अशी एक गोष्ट जेवणाच्या ताटातली आहे. मिरचीतील कॅप्सेसिन तोंडातल्या मज्जातंतूंवरच्या ज्या रिसेप्टरला चेतवते, तो मुळात उष्णता ओळखण्यासाठी असतो. म्हणून तिखट ‘भाजते’. अल्कोहोलही त्याच रिसेप्टरला अधिक हळवे करते. त्यामुळे तांबड्या रश्श्याबरोबर १४ टक्क्यांची लाल वाइन घेतली की आग वाढते. कमी अल्कोहोलची, थंड आणि गोड वाइन मात्र ती शमवते, कारण गोडीने तिखटाची जाणीव बोथट होते. चवीच्या दृष्टीने ही जोडी उत्तम आहे. धोकाही तिथेच आहे. आग शमवायला माणूस पाण्यासारखे घोट घेतो, आणि हे पाणी नाही.

आता हिशेब मांडू. साडेपाच टक्क्यांच्या १५० मिलिलिटर ग्लासात सुमारे साडेसहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. लिटरला १२० ग्रॅम साखर धरली, तर त्याच ग्लासात १८ ग्रॅम, म्हणजे साडेचार चमचे साखर येते. जागतिक आरोग्य संघटना अतिरिक्त साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. त्यातला पाऊण वाटा एका ग्लासात संपला. उष्मांक होतात सुमारे १२०. कोरड्या वाइनच्या ग्लासात अल्कोहोल दुपटीहून अधिक, पण उष्मांक जवळपास तेवढेच. अख्खी ७५० मिलिलिटरची बाटली एकट्याने संपवली, तर ९० ग्रॅम साखर आणि ३२ ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते. ‘हलकी’ हा शब्द एका ग्लासाला लागू आहे, बाटलीला नाही.

गाडी चालवणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. आपल्या कायद्यात रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. लागोपाठ दोन ग्लास घेतले, तर ६० किलो वजनाचा माणूसही ती ओलांडू शकतो. शिवाय बुडबुड्यांमुळे अल्कोहोल अनेकांच्या रक्तात लवकर उतरते, असे छोट्या प्रयोगांत दिसले आहे.

‘थोडी वाइन हृदयाला चांगली’ ही समजूत आता मागे पडली आहे. अल्कोहोलयुक्त पेयांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध आहे. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. द्राक्षातून आले की धान्यातून, शरीराला फरक पडत नाही. त्यात तंबाखूची जोड मिळाली, तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. मधुमेहींसाठी ही वाइन दुहेरी फसवी. आधी तिची साखर रक्तशर्करा वाढवते आणि नंतर अल्कोहोल यकृताला साखर सोडण्यापासून रोखते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर त्यामुळे रात्री धोकादायक घसरू शकते. गर्भवती, यकृताचे रुग्ण आणि व्यसनातून बाहेर पडलेले यांच्यासाठी योग्य प्रमाण शून्यच आहे.

मग शासनाने काय करावे? पहिली गोष्ट, ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य कायमचे सोडून द्यावे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातून पलूस आणि विंचूर येथे वाइन पार्क आले. त्यामागे द्राक्ष उत्पादकाचे हित होते आणि ते खरेही आहे. पण शेतकऱ्याचे हित जपायला ग्राहकाशी खोटे बोलावे लागत नाही. दुसरी गोष्ट, लेबल. आपल्या बाटलीवर अल्कोहोलची टक्केवारी आणि इशारा असतो, साखरेसह पूर्ण पोषणमूल्ये मात्र सांगितलेली नसतात. युरोपीय संघाने ८ डिसेंबर २०२३ पासून नव्या वाइनसाठी घटक आणि पोषणमूल्ये सांगणे बंधनकारक केले. बिस्किटाच्या पुड्यावर साखर वाचणाऱ्या आपल्या ग्राहकाला हाच हक्क वाइनच्या बाटलीवर का नसावा?

जे पीत नाहीत, त्यांनी आरोग्याच्या नावाखाली सुरू करण्याचे काहीच कारण नाही. जे पितात, त्यांनी जेवणासोबत, चार जणांत एक बाटली, सावकाश आणि परतीच्या गाडीची सोय आधी करून प्यावी. आणि त्या ग्लासाला सरबत न म्हणता त्याच्या खऱ्या नावाने, म्हणजे दारू म्हणूनच ओळखावे.