विश्लेषण : ११ ओळींच्या कोडमुळे जगभरचे प्रोग्रामर का खोळंबले?

प्रोग्रामर छोटे कोड एकमेकांना मोफत वापरू देतात. त्यातला धोका मार्च २०१६ मध्ये समोर आला.

काय घडले?
‘लेफ्ट-पॅड’ हा जेमतेम ११ ओळींचा कोड. मजकुराच्या डावीकडे मोकळ्या जागा किंवा शून्ये भरणे, एवढेच त्याचे काम. दुसऱ्या एका पॅकेजच्या नावावरून वाद झाल्याने अझर कोचुलू यांनी ‘एनपीएम’ या जावास्क्रिप्ट कोडच्या भांडारातून आपली सर्व पॅकेजेस काढली. ‘बॅबेल’सारखी साधने ‘लेफ्ट-पॅड’वर विसंबून होती, असंख्य प्रकल्पांचे बिल्ड अडले.

पुढे काय?
एनपीएमने काही तासांतच कोड परत आणला. इतरांचे प्रकल्प ज्यावर चालतात, असे जुने पॅकेज आता निर्मात्याला परस्पर हटवता येत नाही. तरीही उसन्या कोडची प्रत स्वतःकडे ठेवणे, हाच भरवशाचा उपाय.