रक्तातले शिसे, कपाळावरचा शिक्का

मठ्ठ आहे, वर्गात लक्ष नसते, एका जागी बसत नाही. आपल्या वस्त्यांमधील मुलांच्या वाट्याला हे शेरे पहिलीपासून येतात. शेरा मारणारा मुलाचे आडनाव पाहतो, घर पाहतो, आईबापाचे शिक्षण पाहतो. मुलाच्या रक्तात काय आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. चेन्नईत ते पाहिले गेले. तिथे जे आढळले, त्याची दखल गुणवत्तेच्या वादात मात्र अजून घेतली जात नाही.

चेन्नईतील ३ ते ७ वर्षे वयाच्या ७५६ शाळकरी मुलांच्या रक्तातील शिसे संशोधकांनी मोजले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी निघाली दर डेसिलिटरला ११.४ मायक्रोग्रॅम. प्रमाण ५ मायक्रोग्रॅमला पोचले की शिसे कुठून येते ते शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पूर्ण निर्धोक अशी पातळी तर माहीतच नाही. ज्या मुलांच्या रक्तात शिसे जास्त, त्यांच्यात चिंता, इतरांत मिसळण्यातील अडचणी आणि लक्ष न लागण्याची लक्षणेही जास्त दिसली. वर्तनाची ही नोंद त्यांच्या शिक्षकांनीच भरून दिली होती.

त्याआधी १९९९ साली जॉर्ज फाउंडेशनने चेन्नई, मुंबईसह सात शहरांतील पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यात १२ वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले. तेव्हा बोट पेट्रोलकडे होते, आणि ते योग्यच होते. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. पण चेन्नईतील या मुलांचे नमुने त्यानंतरचे आहेत. म्हणजे शिसे आणखी कुठून तरी येतच राहिले.

त्याचे मार्ग ठाऊक आहेत. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणे, इलेक्ट्रॉनिक भंगार जाळणे, शिसेयुक्त रंगांचे पोपडे, भेसळीची हळद, काही स्वस्त भांडी. हळद आणि रंग कोणाच्याही घरात जाऊ शकतात. पण भंगार फोडायला कोण बसते आणि कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहते, हे या देशात योगायोगाने ठरत नाही. पा. रंजीत यांच्या ‘मद्रास’मुळे आपल्याला ओळखीच्या झालेल्या उत्तर चेन्नईतच कोडुंगैयूरचा कचरा डेपो, मणलीची रिफायनरी आणि एन्नोरची औष्णिक केंद्रे आहेत. मुंबईत देवनारचा डेपो १९२७ पासून आहे. त्याच साली महाडला आपण पाण्याच्या हक्कासाठी तळ्यावर गेलो होतो. शहराने आपली घाण कोणाच्या दारात टाकायची, हाही त्याच लढ्याचा प्रश्न आहे.

शरीर हा अन्याय आणखी वाढवते. तोंडावाटे गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार ते पाच पट वाटा लहान मुलांचे शरीर शोषून घेऊ शकते. पोट रिकामे असेल, लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर शोषण अधिकच वाढते. पंडुरोग झालेल्या अंगणवाडीतील मुलीला त्याच धुळीचा फटका जास्त बसतो.

सरकारकडे यंत्रणा नाही असेही नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात. त्यांच्या तपासणीच्या यादीत पंडुरोग आहे, आकलनातील विलंब आहे, शिकण्यातील अडचण आहे, अतिचंचलपणा आहे. या सगळ्यांमागे असू शकणारे शिसे मात्र यादीत नाही. परिणाम नोंदवायचा आणि कारण सोडून द्यायचे, मग दोष मुलाच्याच माथी येतो.

अमेरिकेतील फ्लिंट हे कृष्णवर्णीयबहुल शहर. २०१४ मध्ये तिथल्या पाण्याचा स्रोत बदलला आणि नळाला शिसे येऊ लागले. अधिकारी नाकारत राहिले. २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्ततपासणीच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि नाकारणे अशक्य झाले. त्या नोंदी होत्या, कारण सरकारी विम्याखालील गरीब मुलांची ही तपासणी तिथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी बंधनकारक आहे. आपल्याकडे नोंदच नाही, म्हणून गुन्हाही नाही.

एक भीती रास्त आहे. उद्या कोणी म्हणेल, ‘पाहा, यांची मुले मुळातच मंद.’ हे जातीचे जुनेच गणित झाले. शिसे वंशातून येत नाही, बाहेरून येते, आणि ते थांबवता येते. शिवाय सरासरी म्हणजे एखाद्या मुलाचे भविष्य नव्हे. दुसरी भीती अशी की, आरोग्याचे निमित्त करून वस्तीच उठवली जाईल. चेन्नईच्या नदीकाठची माणसे कण्णगी नगर आणि पेरुंबाक्कमला कशी हलवली गेली, ते आपण पाहिले आहे. म्हणून तपासणीची मागणी अटींसह करायला हवी.

रक्तातील शिशाची चाचणी बाल स्वास्थ्य कार्यक्रमात घ्या. सुरुवात डेपो आणि भट्ट्यांजवळच्या अंगणवाड्यांपासून करा. बोटातून घेतलेल्या रक्तात प्रमाण जास्त निघाले तर शिरेतील रक्ताने खात्री करा, कारण बोटावरची धूळही आकडा वाढवते. अहवाल पालकांना त्यांच्या भाषेत द्या. मुलाचे नाव गुप्त ठेवा, वॉर्डचा आकडा जाहीर करा. शरीरातून शिसे बाहेर काढणारी औषधे ४५ मायक्रोग्रॅमच्या पुढेच दिली जातात. त्याखाली खरा उपाय म्हणजे स्रोत हटवणे आणि पोषण देणे. म्हणून अहवाल केवळ डॉक्टरांकडे न थांबता महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेला पाहिजे. हटवायचा तो स्रोत, वस्ती नव्हे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, ती वसूल करा.

आपण घरातले पहिले पदवीधर. अर्ज कसा लिहायचा, हे आपल्याला येते. आपल्या जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला माहिती अधिकारात एवढेच विचारा: गेल्या पाच वर्षांत किती मुलांच्या रक्तातील शिसे तपासले? उत्तर ‘निरंक’ आले, तर ते जपून ठेवा. पुढच्या वेळी कोणी गुणवत्तेवर व्याख्यान देऊ लागला, की तो कागद त्याच्यापुढे ठेवता येईल.