गावात आग लागली तर धावायचे कोणी? १४ एप्रिलच्या निमित्ताने काही प्रश्न

दरवर्षी १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांची जयंती साजरी करतो. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझवण्याचे काम चालू असतानाच स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो.

शहरात त्या दिवशी संचलने होतात, प्रात्यक्षिके होतात, शाळेतल्या मुलांना लाल बंब दाखवला जातो. खेड्यात मात्र अग्निशमन सेवा दिन नसतो, कारण खेड्यात अग्निशमन सेवाच नसते. तिथे आग विझवतात ती शेजारीपाजारी माणसे. पुरातून बाहेर काढतात तेही तेच, दरडीखालचे ढिगारे उपसतात तेही तेच. या माणसांना आपली व्यवस्था काय देते, आणि आपल्या वस्त्यांचे त्यात काय होते, याचा विचार करण्यासाठी हा लेख.

एका दुपारची गोष्ट

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही मराठवाड्यातल्या एका गावी बचतगटाच्या बैठकीला गेलो होतो. बैठक विहारात होती. दुपारी दोनच्या सुमारास बाहेर आरडाओरडा झाला. एका गोठ्याने पेट घेतला होता आणि शेजारी कडब्याची गंजी होती. वारा वस्तीच्या दिशेने होता. पत्रे, लाकडी वासे, तुराट्यांच्या भिंती, असे सगळे पेटायला जणू तयारच होते.

तालुक्याला फोन केला. बंब निघाला, पण अंतर तीस किलोमीटरहून जास्त, आणि तो पोहोचला तेव्हा तास उलटून गेला होता. दरम्यान गावकऱ्यांनी लाईनमनला फोन करून डीपी बंद करायला लावली. ते अगदी योग्यच होते, नाहीतर तारा तुटून आणखी कोणी दगावले असते. पण वीज गेली तशा बोअरच्या मोटारीही बंद पडल्या. पाणी उरले ते हातपंपाचे आणि घराघरातल्या टाक्यांचे. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरवरचा फवारणी पंप आणला, त्यामुळे पुढची चार घरे वाचली. दोन घरे मात्र गेली. त्यातल्या एका घरातून एक तरुण भरलेला सिलिंडर उचलून बाहेर घेऊन आला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

बंब आला तो वस्तीच्या तोंडाशी थांबला. गल्ली इतकी अरुंद होती की आत वळणे शक्यच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. घर किती जळाले, जनावरे किती, धान्य किती, याची नोंद झाली. एका आजींचे रेशनकार्ड आणि नातवाचे जातीचे प्रमाणपत्र जळाले होते, तेही आम्ही सांगून लिहून घेतले. पण हात भाजलेल्या त्या तरुणाची नोंद कोठे करायची, हे कोणालाच सांगता येईना. त्याचे घर जळाले नव्हते, म्हणून तो आपद्ग्रस्त नव्हता. तो कोणत्या दलात नव्हता, म्हणून कर्मचारीही नव्हता. ड्रेसिंगचा खर्च त्याने उसनवारी करून भागवला. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाचा उजवा हात दोन महिने बंद राहिला, त्याचा हिशोब कोणत्याही कागदावर आला नाही.

कायद्यातली फट

हा एका गावाचा किंवा एका कार्यालयाचा दोष नाही. मूळ रचनेतच फट आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांमध्ये ‘अग्निशमन सेवा’ हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी आलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यात शेती आहे, पिण्याचे पाणी आहे, रस्ते आहेत, ग्रंथालये आहेत. अग्निशमन नाही.

महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात, आग लागल्यास ती विझवायला आणि जीवित-वित्त वाचवायला मदत करणे, असे एक काम ग्रामपंचायतीच्या यादीत आहे. पण ‘मदत करणे’ आणि ‘सेवा चालवणे’ यात मोठा फरक आहे. सेवा म्हटली की माणसे, साधने, प्रशिक्षण आणि पगार आले. मदत म्हटली की जो हाताशी असेल त्याने धावायचे. आज खेड्यातली सगळी बचावाची इमारत या ‘मदत’ शब्दावर उभी आहे.

केंद्र सरकारने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिचे स्वागतच आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी आणखी एक बंब आला तरी वस्तीपर्यंतचे तीस किलोमीटर तीसच राहतात.

पहिले काही तास गावाचेच

मोठ्या आपत्तीतही चित्र वेगळे नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या वेळी महाड शहरच पुराच्या पाण्यात होते, रस्ते बंद होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल दुसऱ्या दिवशी पोहोचले. तोपर्यंत जे काही उपसले ते गावकऱ्यांनी, हाताने आणि घरातल्या फावड्यांनी. त्याच तालुक्यात २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या नदीत गेल्या, सुमारे ४० जणांचा जीव गेला. पुढच्या गाड्या थांबल्या त्या पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका तरुणाने धावपळ केली म्हणून.

प्रशिक्षित दले नकोत असे आमचे म्हणणे नाही. ती हवीतच. पण आगीत पहिली दहा मिनिटे, बुडण्यात पहिली चार मिनिटे आणि दरडीत पहिले काही तास निर्णायक असतात. त्या वेळेत तिथे असतो तो फक्त शेजारी. म्हणून शेजाऱ्याला तयार करणे हाच ग्रामीण बचावकार्याचा पाया असायला हवा.

धाडस पुरत नाही

८ ऑगस्ट २०१९ ची ब्रह्मनाळची दुर्घटना आपल्या सर्वांना आठवत असेल. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातले हे गाव कृष्णेच्या पुराने वेढलेले होते. गावचीच बोट, गावचीच माणसे चालवणारी. बाहेर पडण्याची घाई, बोटीत पेलवतील त्यापेक्षा जास्त लोक. बोट उलटली आणि सतरा जण गेले, त्यात बहुतेक बाया आणि मुले. बोट चालवणाऱ्यांच्या हेतूबद्दल कोणी शंका घेणार नाही. पण किती माणसे बसवायची हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, लाईफ जॅकेट किती, पाण्याची ओढ कशी, याची शिकवण आणि शिस्त मागे नव्हती.

विहिरीतल्या मृत्यूंचेही तेच आहे. गाळ काढायला किंवा मोटार दुरुस्त करायला एक जण उतरतो, विषारी वायूने बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच घरातली दोन-तीन माणसे अशी गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. पहिल्याला वाचवण्याच्या ओढीत पुढचे जातात. इथे शिकवायची गोष्ट छोटी आहे: आत उतरायचे नाही, आधी हवा खेळवायची, दोर आणि पट्टा बांधल्याशिवाय पायरी उतरायची नाही. बाबासाहेबांनी प्रज्ञा, शील आणि करुणा ही तिन्ही एकत्र सांगितली. नुसत्या करुणेने माणूस विहिरीत उडी घेतो. प्रज्ञा असेल तर तो आधी दोर शोधतो.

कोणाला पुढे केले जाते?

समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हाला इथे एक प्रश्न टाळता येत नाही. गावाचे बचावकार्य हे गावाच्या रचनेबाहेरचे नसते. प्रेत पाण्यातून काढायचे असेल तर कोणाला बोलावतात? भोई, कोळी समाजातल्या पोहणाऱ्यांना. सेफ्टी टँकमध्ये कोणी पडले तर कोणाला उतरायला सांगतात? उत्तर आपल्याला माहीत आहे. जंगलात वणवा लागला की पुढे असतात ते हंगामी वनमजूर. एप्रिल २०२१ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना असेच तीन मजूर होरपळून गेले.

जोखमीचे काम जातीने आणि गरिबीने वाटले जाते. नंतर सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते, फोटो छापून येतो. मानधन, विमा, ओळखपत्र मात्र मिळत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ६१ सांगते की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवे. पण मदत घेणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते मदत करणाऱ्याला कोठे आहे?

दुसरी बाजू वस्तीची. गावठाणातल्या टाकीवरून येणाऱ्या नळाचे शेवटचे टोक बहुतेक वेळा आपल्या वस्तीत असते, म्हणून दाब कमी. गल्ल्या अरुंद, घरे लागून. ओढ्याकाठची, पाणी साचणारी जमीन अनेकदा आपल्याच वाट्याला आलेली. त्यात आठवणीही आहेत. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या, तेव्हा शेजार कसा वागला हे आपली वडीलधारी माणसे अजून सांगतात. ज्या गावात पाणवठ्याचा प्रश्न मिटलेला नाही, त्या गावात आग विझवण्याची साखळी पूर्ण होत नाही. चवदार तळ्याचा लढा हा माणुसकीच्या हक्काचा होता. संकटात पाणी कोणाचे, हा प्रश्नही त्याच हक्काचा भाग आहे.

हेही सांगितले पाहिजे की त्या मे महिन्याच्या दुपारी फवारणी पंप घेऊन आलेला शेतकरी वस्तीतला नव्हता. तो कोणी न बोलावता आला. गाव बदलू शकते, याचा तोही पुरावा आहे.

स्वयंसेवक म्हणजे फुकटचा माणूस नव्हे

जर्मनीत अग्निशमन करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक स्वयंसेवक आहेत. चिलीमध्येही हे काम स्वयंसेवकच करतात. पण जर्मनीत त्यांना नियमित प्रशिक्षण मिळते, पोशाख मिळतो, विमा असतो आणि घंटा वाजली की मालकाला त्यांना कामावरून सोडावे लागते. म्हणून ती व्यवस्था टिकली आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना आहे. ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक, बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याची पिशवी आणि काही वर्षांचा विमा, अशी तिची आखणी. योजना चांगली आहे. पण बारा दिवस मजुरी बुडवून शिबिराला जाणे भूमिहीन घरातल्या तरुणाला परवडत नाही. विम्याची मुदत संपते, नदी मात्र दरवर्षी येते. आणि एक लाख हा आकडा देशातल्या सहा लाखांहून अधिक खेड्यांवर वाटला तर सहा गावांमागे एकही माणूस धड येत नाही.

आपण काय करू शकतो

सरकारकडे मागण्या करायच्याच आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी, बचाव करताना जखमी झालेल्याचा मोफत उपचार, कायमचा विमा, आणि पंचनाम्यात मदत करणाऱ्याच्या नोंदीसाठी एक रकाना. पण काही कामे आपण उद्यापासून सुरू करू शकतो.

ग्रामसभेत गावविकास आराखडा ठरतो तेव्हा वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून दोर, पट्टे, शिड्या, लाईफ जॅकेट, डिझेलवर चालणारा पंप आणि लांब पाईप यांची मागणी करावी. डिझेल पंप यासाठी की वीज बंद झाल्यावरही पाणी मिळाले पाहिजे. वस्ती विकासाच्या निधीतून दरवेळी सभागृह आणि पेव्हर ब्लॉकच का, हेही विचारावे. बंब वळेल एवढा रस्ता आणि वस्तीत पाण्याचा स्वतंत्र साठा ही खरी गरज आहे.

गावाचे पथक करायचे तर त्यात सगळ्या वस्त्यांची माणसे हवीत, आणि बाया हव्यातच. दुपारी पुरुष शेतावर किंवा बाहेरगावी असतात, घराजवळ बायाच असतात. पेटता सिलिंडर ओल्या गोणपाटाने कसा झाकायचा, हे प्रत्येक बचतगटात करून दाखवता येते. १०१, ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक विहाराच्या, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला एक दुपार पुरते. त्याखाली लाईनमनचा आणि ट्रॅक्टरवाल्याचा नंबरही असावा. प्रत्येक घराने कागदपत्रांच्या प्रती एका पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर काढता येईल अशा जागी ठेवाव्यात.

शिस्तबद्ध स्वयंसेवकांची परंपरा आपल्याला नवी नाही. बाबासाहेबांनी समता सैनिक दल उभे केले. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंच्या गर्दीत रांगा लावणारे, पाणी देणारे, हरवलेल्या मुलांना आईकडे पोहोचवणारे आपलेच तरुण असतात. तीच शिस्त गावातल्या आगीला आणि पुराला लावायची आहे.

यंदाच्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून सकाळी दोन तास अग्निशमनाचे प्रात्यक्षिक ठेवावे, असा प्रस्ताव आम्ही ज्या गावांत काम करतो तिथल्या मंडळांपुढे ठेवला आहे. त्या मराठवाड्यातल्या गावच्या मंडळाने होकार दिला आहे. हात भाजलेला तो तरुण आता पुन्हा कामावर जातो, फक्त मूठ पूर्ण मिटत नाही. प्रात्यक्षिकाला तोच पुढे असणार आहे. त्याच्या नावाचा विम्याचा अर्ज आम्ही त्याच दिवशी भरणार आहोत.

जय भीम.