सूर्यावरील पहारा

चिपळूणनजीकच्या अलोरे गावाची ओळख महाराष्ट्राला आहे ती कोयनेच्या विजेमुळे. कोळकेवाडी जलाशयाचे पाणी तेथील भूमिगत वीजगृहात उतरते आणि प्रत्येकी 80 मेगावॅटचे 4 संच फिरवते. अशा गावातील एखाद्याने ‘अंतराळातून सूर्याची छायाचित्रे घेऊन आम्हांस काय लाभ?’ असे विचारले, तर तो प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. त्याचे उत्तर कॅनडातील क्यूबेक प्रांताने दिले आहे. तेथील वीजही मुख्यतः पाण्याचीच. तरीही 13 मार्च 1989 रोजी सौरवादळाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळून काढले, लांबलचक वाहिन्यांत नको ते प्रवाह शिरले आणि अवघ्या दीड मिनिटात प्रांत अंधारात बुडाला. सुमारे 60 लाख लोक 9 तास विजेवाचून राहिले. धरणात पाणी होते. पण ते दिवे लावू शकले नाही.

आपला प्रदेश चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने येथे हा धोका पुष्कळ कमी आहे, आणि बागुलबुवा उभा करण्याची आमची इच्छा नाही. परंतु दळणवळणाचे व हवामानाचे आपले उपग्रह पृथ्वीवरील या सुरक्षिततेचे वाटेकरी नाहीत. म्हणूनच पुण्याच्या ‘आयुका’च्या नेतृत्वाखाली घडलेल्या ‘सूट’ या दुर्बिणीचे मोल मोठे आहे. 2 सप्टेंबर 2023 रोजी निघालेल्या ‘आदित्य एल-1’ यानातून ती 6 जानेवारी 2024 रोजी पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरील आपल्या ठाण्यावर पोचली. 200 ते 400 नॅनोमीटरच्या जंबुपार, म्हणजेच अतिनील, प्रकाशात ती 11 गाळण्यांतून सूर्यबिंब न्याहाळते. यातील पुष्कळसे किरण ओझोनचा थर अडवतो. म्हणून हे काम जमिनीवरून होणे नाही. 22 फेब्रुवारी 2024 ची प्रचंड सौरज्वाला तिने टिपली, ही गोष्ट अभिमानास्पदच होय.

पण अभिमानाने पहारा पुरा होत नाही. सूर्याच्या क्षोभाचे चक्र सुमारे 11 वर्षांचे, तर या यानाचे नियोजित आयुष्य 5 वर्षांचे. अर्ध्या रात्री रखवालदाराला घरी धाडणारा गृहस्थ शहाणा ठरत नाही. या दुर्बिणीची वारसदार कोणती, हे सरकारने आजच ठरवावे; आणि शास्त्रज्ञांचा इशारा वीजगृहाच्या खोलीपर्यंत किती वेळात पोचेल, हेही जनतेला सांगावे. अलोऱ्याच्या नागरिकाला त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेव्हाच मिळेल.