घडी कोणी घातली?

आकाशातून उडी मारणाऱ्या माणसाचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले की त्याखालच्या मजकुरात तीन गोष्टी हमखास असतात. उडी किती फुटांवरून मारली, त्या वेळी थंडी किती होती आणि हातात कोणता झेंडा होता. छत्रीची घडी कोणी घातली होती, हे छापून आल्याचे मला तरी आठवत नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उडी मारली आणि तीही आयुष्यातली पहिलीच उडी. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी घेतली, तेव्हा ती नऊवारी कशी नेसली असेल यावर आमच्या घरातही दोन दिवस चर्चा चालली होती. त्यांच्या धाडसाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण त्यांच्या पाठीवरच्या पिशवीबद्दल आमच्यापैकी कोणी चकार शब्द काढला नाही. आणि माझ्या मते या खेळात खरी पाहण्यासारखी गोष्ट ती पिशवी हीच आहे.

त्या पिशवीत एक नव्हे, दोन छत्र्या असतात. एक मुख्य आणि एक राखीव. छत्री म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोल घुमट येतो. हौशी खेळातली आजची छत्री मात्र लांबट चौकोनी असते आणि तिच्यात उशीच्या अभ्ऱ्यांसारखे कप्पे शिवलेले असतात. पुढच्या तोंडातून हवा शिरली की ते फुगतात आणि कापडाचा पंख तयार होतो. गंमत अशी की ही छत्री उघडायला हवी, पण एकदम उघडायला नको. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने खाली येणाऱ्या माणसाला अचानक हिसका बसला, तर हाडे मोडतील आणि कापडही फाटेल. म्हणून दोऱ्यांमध्ये कापडाचा एक छोटा चौकोन ओवलेला असतो. छत्री फुगू लागली की तो दोऱ्यांवरून हळूहळू खाली घसरतो आणि तिला दमादमाने पसरू देतो. दोऱ्या रबरी कड्यांत नागमोडी अडकवायच्या, कापडाच्या चुण्या एका बाजूला मोजून घ्यायच्या, तोंडाकडचा भाग कसा दुमडायचा ते ठरलेले. एवढे सगळे शाळेच्या दप्तराएवढ्या पिशवीत बसवायचे. म्हणजे छत्री उघडते आकाशात, पण ती कशी उघडणार हे ठरते जमिनीवर, कोणीतरी गुडघ्यांवर बसून घातलेल्या घडीत.

घरात पैठणी असलेल्या बायकांना पुढची गोष्ट समजावून सांगायला नको. पैठणी कपाटात ठेवून विसरून चालत नाही. अधूनमधून बाहेर काढून, वारा देऊन, तिची घडी मोडून दुसरीकडे घालावी लागते, नाहीतर ती घडीवरच चिरते. राखीव छत्रीचेही असेच आहे. अमेरिकेत तर तसा कायदाच आहे. ती वापरली गेली असो वा नसो, दर १८० दिवसांच्या आत ती उघडून, तपासून, पुन्हा बांधावीच लागते. २००८ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. हे काम ज्याला त्याला करता येत नाही. त्यासाठी सरकारी परवाना असलेला माणूस लागतो, त्याला तिकडे रिगर म्हणतात. मुख्य छत्री उडी मारणारा स्वतः बांधू शकतो. सराईत माणसाला त्याला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. राखीव छत्रीला मात्र काही तास जातात, कारण त्यात घडीपेक्षा तपासणी मोठी असते. शिवण, दोऱ्या, कड्या, पट्टे, सगळे नजरेखालून आणि बोटांखालून जाते.

काम झाले की रिगर लाल दोरा बांधतो, त्यावर शिशाचे लहानसे सील दाबतो आणि त्या सिलावर त्याची स्वतःची खूण उमटते. छत्रीबरोबर एक कार्ड असते. त्यावर तो तारीख, ठिकाण, आपले नाव, परवान्याचा क्रमांक लिहितो आणि खाली सही करतो. हे कार्ड पिशवीच्याच एका खिशात राहते. उडी मारणाऱ्याबरोबर ते वर जाते आणि त्याच्याबरोबर खाली येते, मग तो कसाही खाली येवो.

मला या सगळ्या व्यवस्थेत त्या सहीचे फार अप्रूप वाटते. संस्थेचा शिक्का नाही, 'व्यवस्थापनाच्या आदेशावरून' नाही. एका माणसाचे नाव. हा परवाना मिळवण्यासाठी त्या प्रकारच्या किमान वीस छत्र्या जाणत्याच्या देखरेखीखाली बांधलेल्या असाव्या लागतात, शिवाय परीक्षा. चांगला रिगर पिशवी बंद करण्यापूर्वी आणि नंतर आपली हत्यारे मोजतो. पिशवी बंद करताना तो तात्पुरती एक पिन वापरतो. ती आत राहून गेली तर छत्री उघडणारच नाही, म्हणून त्या पिनेला भडक रंगाची लांब फीत बांधलेली असते. ऑपरेशननंतर कात्र्या-चिमटे मोजतात ना, तसेच हे. अमेरिकन लष्करातल्या रिगरांना तर आपण बांधलेली छत्री घालून स्वतः उडी मारावी लागते. 'मी नेहमी खात्री करीन' अशा अर्थाचे त्यांचे ब्रीदवाक्य आहे, आणि पोकळ ब्रीदवाक्यांच्या या जगात ते एक मला भरीव वाटते.

आपल्याकडेही ही परंपरा नवी नाही. कानपूरचा पॅराशूट कारखाना १९४१ पासूनचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिल्या भारतीय छत्रीधारी सैनिकांनी कराचीत उड्या मारल्या. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशच्या युद्धात तंगाइलजवळ उतरलेली २ पॅरा ही पलटण तर मूळची मराठा पलटण. लष्करी उडीत बहुधा छत्रीचा दोर विमानालाच अडकवलेला असतो. सैनिक बाहेर पडला की दोर ताणला जातो आणि छत्री आपोआप निघते. त्याला स्वतःला काही ओढायचे नसते. म्हणजे त्या संध्याकाळी तंगाइलवर उतरलेल्या पोरांचा भरवसा सर्वस्वी दुसऱ्याच्या हातांवर होता.

आता कोणी म्हणेल की आजकाल यंत्रे आहेत, माणसावर कशाला विसंबायचे? यंत्र आहे, आणि मोठे गुणी आहे. आपला मित्र या खेळात गमावल्यावर हेल्मुट क्लोथ या जर्मन माणसाने ते तयार केले आणि १९९१ मध्ये ते 'सायप्रेस' या नावाने बाजारात आले. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग ओळखते. जमिनीपासून साधारण ७५० फुटांवर येऊनही माणूस सेकंदाला ३५ मीटरहून अधिक वेगाने पडत असेल, तर हा बेशुद्ध आहे किंवा गडबडला आहे असे समजून ते आपणहून राखीव पिशवी मोकळी करते. त्याने कितीतरी जीव वाचवले आहेत. पण ते नेमके काय करते? पिशवी बंद ठेवणारी एक छोटीशी दोरी कापते, बस्स. पुढे जे बाहेर येते ती रिगरने सहा महिन्यांपूर्वी घातलेली घडीच असते.

या साऱ्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत या खेळात दरवर्षी सरासरी चाळीसहून अधिक माणसे मरत. २०२३ मध्ये तिथे सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि मृत्यू दहा. खेळ धोक्याचा आहेच, पण धोका कमी करता येतो याचा हा पुरावा. यातली मेख बिल बूथ यांनी फार पूर्वी सांगून ठेवली आहे. बिघडलेली मुख्य छत्री एका हिसक्यात सोडून देता यावी म्हणून तीन कड्यांची युक्ती काढणारे हेच गृहस्थ. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की सामान जितके सुरक्षित होईल, तितका माणूस जास्त धाडस करील. झालेही तसेच. अलीकडे कितीतरी जण व्यवस्थित उघडलेल्या छत्रीखाली मरतात, जमिनीजवळ जोरात वळण घेण्याच्या नादात. अशा मृत्यूला रिगर काय करणार?

पण सहीचे मोल कळते ते ती नसते तेव्हा. इंग्लंडमध्ये नेदरएव्हन येथे एप्रिल २०१५ मध्ये एक महिला चार हजार फुटांवरून खाली आली, दोन्ही छत्र्या निकामी. दोन हजारांहून अधिक उड्यांचा अनुभव असलेली ही बाई ताज्या नांगरलेल्या मऊ शेतात पडली म्हणून वाचली. पाठीचा कणा आणि बरगड्या मोडल्या, पण वाचली. छत्र्या बांधणाऱ्या जाणकारांनी सामान पाहिले आणि त्यांच्या लक्षात आले की राखीव छत्रीच्या दोऱ्या पट्ट्यांना जोडणाऱ्या दोन जोडण्या गायब आहेत. त्या आपोआप पडणे शक्यच नव्हते. सही झाल्यानंतर त्या छत्रीला कोणीतरी हात लावला होता. तो हात तिच्या नवऱ्याचा निघाला आणि २०१८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. देव तारी त्याला कोण मारी, असे आपण म्हणून मोकळे झालो असतो. तिथल्या जाणकारांनी जोडण्या मोजल्या.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातली, लोडाय गावाजवळची. ऑगस्ट २०१६ मध्ये अठरा वर्षांचा एक मुलगा टँडम उडीला गेला. यात नवख्याला प्रशिक्षकाच्या पुढ्यात पट्ट्यांनी बांधतात आणि दोघे एकाच छत्रीने उतरतात. ते दोघेही मेले. चौकशीत निघाले की त्या प्रशिक्षकाकडे अशी उडी मारून घेण्याचा खरा दाखलाच नव्हता. ज्याने त्याला शिकवले त्याचा परीक्षक म्हणून अधिकार आधीच स्थगित झालेला होता, आणि त्याने कागदांवर हजर नसलेल्या दुसऱ्या परीक्षकाची सही वापरली होती. २०२४ मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली. त्या मुलाच्या घरच्यांना आठ वर्षे लागली हे पाहायला.

हे सगळे माझ्या डोक्यात घोळू लागले ते माझ्या भाचीमुळे. तिने मैत्रिणींबरोबर उत्तर भारतातल्या एका धावपट्टीवर टँडम उडीसाठी नाव नोंदवले होते आणि भरायचा कागद मला कौतुकाने दाखवला. चार पाने होती. मला काही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत, माझ्या वारसांनी दावा करू नये, मी स्वखुशीने आले आहे. पानोपानी तिची सही हवी होती. मी विचारले, "आणि त्यांची कुठे आहे?"

"त्यांची कशाला, मावशी? उडी मी मारणार ना!"

पोरीचे उत्तर तर्काला धरून होते, म्हणूनच मला ते लागले. व्हिडिओचे पैसे वेगळे, वजनाची मर्यादा अमुक, बूट असे घाला, सगळे त्या कागदात होते. राखीव छत्री कोणी बांधली आणि कधी, हे नव्हते. मी तिला जाऊ नको म्हटले नाही. विसाव्या वर्षी मलाही जावेसे वाटले असते. मी एवढेच सांगितले की विमानात बसण्यापूर्वी ते कार्ड बघायला माग. तिने मागितले. त्यांनी हसून का होईना, दाखवले. तारीख मुदतीतली होती.

पण भाचीला मावशी असते म्हणून तिने विचारले. १४ नोव्हेंबर २०२१ रोजी दीवच्या किनाऱ्यावर बोटीमागे छत्रीने उडणाऱ्या जोडप्याचा दोर तुटला आणि दोघे समुद्रात पडले. लाइफ जॅकेटमुळे वाचले. १८ जानेवारी २०२५ रोजी गोव्यात केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिचा चालक, दोघेही गेले. ही छत्री उडीची छत्री नव्हे आणि तो दोर तर छत्रीसुद्धा नव्हे, हे मला समजते. प्रश्न तोच आहे. ते सामान शेवटचे कोणी आणि कधी तपासले होते, हे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कळायची काही सोय होती का? महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, आयोजकांना नोंदणी सक्तीची केली. चांगले झाले. पण नोंदणी संस्थेची होते आणि प्रमाणपत्र कार्यालयात फ्रेम करून लावले जाते. दोर किनाऱ्यावर उन्हात पडलेला असतो.

आपल्या सोसायटीच्या जिन्यात टांगलेल्या आग विझवण्याच्या नळकांड्यालासुद्धा तपासणीच्या तारखेची चिठ्ठी असते. त्याच धर्तीवर आकाशात वा समुद्रावर माणूस नेणाऱ्या प्रत्येक छत्रीला, पट्ट्याला आणि दोराला चिठ्ठी बांधण्याची सक्ती व्हावी, असे माझे म्हणणे आहे. तिच्यावर तपासणाऱ्याचे नाव, तारीख आणि पुढची मुदत, आणि भाषा मराठी, म्हणजे वाचता येईल. ती बनावट निघाली तर खटला त्या नावावर. खर्च म्हणाल तर एका शाईच्या पेनाचा. आणि उडी मारणाऱ्याकडून ज्या कागदावर चार-चार सह्या घेता, त्याच कागदाच्या शेवटी एक मोकळी ओळ ठेवा. ती घडी घालणाऱ्याने भरायची, आणि ती भरल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत.